भिकूतात्यांचा गळका बांध

वरच्या वाडीचे भिकूतात्या गेले, हा निरोप आला तेव्हा मी बागेत झावळ्या गोळा करत होतो. आश्विन सरत आला होता. खरे सांगतो, दुःखाच्याही आधी मनात आले ते पाणी. यंदा पाऊस लवकर पळाला होता आणि वरच्या वाडीत आमच्या बाजूने बोलणारे आता कोणी उरले नव्हते. अशा वेळी असला विचार यावा याची लाज वाटली, पण आला खरा.

आमच्या दोन्ही वाड्या एकाच पऱ्ह्यावर, एका ओढ्यावर जगतात. पावसाळा सरला की वरची वाडी त्यात दगडांचा बांध घालते आणि पाटाने पाणी वळवून वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, पिकवते. दगडांच्या फटींत फक्त पालापाचोळा कोंबायचा, चिखल लिंपायचा नाही, ही जुनी रीत. त्या फटींतून जे पाझरते त्यावर आमच्या खालच्या वाडीच्या सुपारीच्या बागा. तात्या मुंबईच्या गोदीत काही वर्षे काढून परतले आणि बांधाचे काम त्यांच्याकडे आले. हौस दांडगी! गोदीत राबलेल्या माणसाला गळका बांध कसा खपणार? त्यांनी मळलेला चिखल थापून थेंब गळणार नाही असा बांध उभा केला. त्यांच्या वाडीने पाठ थोपटली. फाल्गुनात आमच्याकडे पऱ्ह्या कोरडा पडला. वडिलांच्या मागे मी नवी बाग लावली होती, घर त्या रोपांवर उभे राहायचे होते, आणि ती डोळ्यांदेखत पिवळी पडू लागली.

मी तणतणत वर गेलो. तोंडाला येईल ते बोललो... तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चल, दाखव." खाली आले, रोपांमध्ये बराच वेळ उकिडवे बसले. "माजंच चुकलं रे. बांध बगितला, बांधाखाली काय हाय ते बगितलंच नाय." त्याच दुपारी त्यांनी पहार घेऊन स्वतःचा बांध फोडला. त्यांचे भाताचे एक खाचर करपले, भावकी महिनाभर बोलेना. माझी निम्मी रोपे वाचली.

पुढच्या वर्षापासून तात्यांनी टुमणे लावले, पाण्याचे बोलणे कार्तिकातच उरकायचे. "पानी हाय तवर बोलूया. आटल्यावर नुसती भांडणं व्हतात." बांधाआधी दोन्ही वाड्या पऱ्ह्याकाठच्या कातळावर बसू लागल्या. पऱ्ह्याचा जोर बघून वायंगण किती लावायचे ते ठरे. एकदा मी रागाने उठून चाललो, तर तात्यांनी मानगूट धरून परत बसवले. पण त्यानंतर आमची बाग कधी सुकली नाही.

यंदा कार्तिक उजाडला तरी वरून निरोप नाही. सुतक नुकतेच फिटलेले, त्या घरी जाऊन पाण्याचे कसे विचारावे... शेवटी एका सकाळी धीर करून निघालो, तो बागेच्या बेड्यापाशी, फाटकातच, वरच्या वाडीची चार माणसे उभी. पुढे तात्यांचा थोरला, बाबू.

"आदी झाडं बगताव," तो म्हणाला. "बांधाचं मागून."

सगळी बाग हिंडला. बुंध्यांशी माती उकरून ओल पाहिली, सोबतच्यांना दाखवली. मग हात झटकत म्हणाला, "पानी अवंदा कमीच हाय. आमी वायंगण निम्मंच लावताव."

मी अजून काही मागितलेच नव्हते. घरून पाठ करून आणलेल्या वाक्यांतले एकही कामाला आले नाही. त्यांच्यासाठी शहाळी काढतो म्हणून मी माडांकडे वळलो, आणि तिथे, पाठमोरा उभा असताना, मला तात्यांसाठी पहिल्यांदा रडू आले.