रिकामी जागा मोजणारी नात

माझी नात प्राची गोंदियाच्या कॉलेजात शिकते. भौतिकशास्त्रातल्या पुढच्या संशोधनाला तिला बंगलोरला जायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, अडून बसला. "रिकामी जागा मोजाले इतक्या दूर कायले जायाचं?" शेवटी ठरलं, मी तिचं काम पाहून यावं आणि मी म्हणेन तसं करावं.

केशोरीहून बसने निघाले, अर्जुनीला आगगाडी धरली. दोन्हीकडे हिरव्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), मधे भरलेल्या बोड्या (लहान तळी). गोंदियाला उतरून रूळ ओलांडायला निघाले, तर हमाल ओरडला, "अम्मा, मरना है क्या? पुल से जाओ!"

"पूल चढाले तुझे गुडघे देतोस का?" म्हटलं आणि पुलावरूनच गेले. बाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीनं डोळ्यांतून पाणी काढलं.

कॉलेजात प्राची फळ्यापुढे उभी. समोर सर आणि काही पोरी. ती सांगत होती, "डब्यातली हवा, उजेड, ऊब सगळं काढलं, तरी तिथला विजेचा जोर मोजला की दरवेळी वेगळा आकडा येतो. सरासरी शून्य, पण एकेक मोजणी शून्य नाही."

मला वाटलं, समजलं. आमच्याकडे धान मोजायची पायली पुरती रिकामी ठेवत नाहीत, तळाशी मूठभर राखतात. मी मागून बोलले, "कोणी मूठभर ठेवलं असन त्यात."

पोरी हसल्या. "नाही आजी, कोणीच काही ठेवलं नाही."

"मंग मोजणाऱ्याचा हात हालून राहिला असन."

"हात नाही आजी. जागाच तशी आहे."

मी पुढच्या बाकावर येऊन बसले.

सरांनी विचारलं, "आणि अगदी एका बिंदूवर मोजलं तर?"

"तिथे धड आकडाच निघत नाही. थोडी जागा, थोडा वेळ धरावा लागतो."

"बरं, मोजल्या क्षणी नेमकं काय घडतं?"

"ते अजून कोणालाच पुरतं सांगता येत नाही, सर. मलाही नाही."

मी हादरले. मास्तरसमोर 'येत नाही' म्हटलं की आमच्या वेळी छडी बसायची. इथे सर मान डोलवत होते.

संध्याकाळी घरी मुलानं विचारलं, "काय म्हणतेस माय?"

"जाऊ दे तिले."

"तुले समजलं का पण?"

"नाही. तिलेही पुरतं समजलं नाही, तिच्या सरलेही नाही. अंगणात बसून कोणाले समजन?"

त्यानं उठून आत जाऊन प्राचीला फोन लावला. मी मात्र अजून हादरलेलीच आहे. म्हातारी झाले, आणि आपण उभे राहतो त्या जागेबद्दल शिकलेल्यांनाही पुरतं ठाऊक नाही, हे मला आत्ता कळलं.