रंग मालकाचा

आमच्या लोखंडी कपाटावर सहा होड्या आहेत. सहाही पूर्ण झालेल्या, आणि परवापरवापर्यंत सहाही बिनरंगाच्या होत्या.

मी याद्या करणारी बाई आहे. दर महिन्याच्या एक तारखेला जुनी यादी तपासते, झालेल्या कामांवर काट मारते, राहिलेली नव्या कागदावर उतरवते. गॅसची नळी बदलणे, घरपट्टी भरणे, माळ्यावरचं सामान उतरवणे, अशी कामं माझ्याकडे फार तर दोन महिने टिकतात. एकच काम दीड वर्ष कागदावरून कागदावर येत राहिलं होतं. होडी रंगवणे. नवऱ्याने एकदा यादी वाचून विचारलं होतं, "हे काम आहे की घरात राहायला आलेलं कोणी?"

माझे वडील डहाणूच्या खाडीवर होड्या बांधायचे. आता ते आमच्याबरोबर सरावलीला राहतात. त्यांचं काम सुटलं तेव्हा सागाच्या कपच्यांचं एक पोतं त्यांनी बरोबर आणलं होतं. टाकवत नव्हतं म्हणून आणलं, आणि पडून राहिलेलं मला बघवत नव्हतं म्हणून मी त्याच्यापासून छोट्या होड्या करायला लागले. फुटाला अर्धा इंच हे माप. बत्तीस फुटी होडी सोळा इंचांत बसते. बाबांनी कधी कागदावर नकाशा काढला नव्हता, सगळी मापं तोंडपाठ. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी लिहून घ्यायचे आणि रविवारी दुपारी फळ्या कापायचे. फळ्या बसल्या की त्या बोटांनी चाचपून बघायचे. "इथे पोट सुटलंय," म्हणायचे, आणि तिथे खरंच केसभर फुगवटा असायचा.

रंगाचा प्रश्न पहिल्या पाच होड्यांना आलाच नाही. आमच्या घरची रीतच तशी होती. सुताराने होडी कोरी द्यायची. शेवटच्या दिवशी हाताने तेल चोळायचं, नारळ घ्यायचा आणि निघायचं. रंग मालकाचा. तो आणि त्याच्या घरची माणसं मग किनाऱ्यावर बसून रंगवणार. बाबांनी उभ्या जन्मात रंगाच्या ब्रशाला हात लावला नाही. "रंग चढला की सुतार दिसत नाही," म्हणायचे. मला हे सोयीचं होतं. कोऱ्या होडीत प्रत्येक जोड दिसतो आणि माझे जोड चांगले होते. कधी कोणी बघायला आलं आणि "रंगवणार कधी?" म्हणालं, की मी घरची रीत सांगून मोकळी व्हायचे.

सहावी होडी मात्र बाबांनी बांधलेल्या शेवटच्या होडीची नक्कल होती. ती मूळ होडी गुजरात हद्दीपलीकडच्या एका बंदरावर गेली. मालक कोरी घेऊन गेला आणि बाबांना ती परत दिसलीच नाही. पुढे त्या मालकाने फायबरची बोट घेतली आणि ही मोडीत गेली. छोटी होडी पूर्ण करून मी बाबांच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ चाचपली. मग म्हणाले, "बाय, हिला रंग लाव. मला बघायचीय."

बघायचीय म्हणाले. बाबांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला आहे. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि ती नळी बारीक होत चालली आहे. वापीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं. थेंबांचं वेळापत्रक मी फ्रिजला चिकटवलं आहे. तीन बाटल्या, तीन रंगांचे कागद, सकाळ, संध्याकाळ, रात्र, आणि फ्रिजवर गजराचं घड्याळ. त्यात आजवर चूक झालेली नाही.

म्हणजे काम साधं होतं. होडी तयार, ब्रश दोन, दुपार एक. पण माझा हात पुढे जाईना. कोऱ्या सागात रंग एकदा मुरला की मुरला. रेघ वाकडी गेली, थर जाड झाला, तर जोडही झाकले जाणार आणि वर घाणही दिसणार. बाबा जे थोडंफार बघू शकतात त्यात त्यांना हे बघायला लागलं तर? मी कारणं शोधत राहिले. आधी म्हटलं, मूळ होडीचा खरा रंग कळला पाहिजे. मालकाच्या मुलाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "निळी असावी. का हिरवी होती? नक्की नाही सांगता येणार, ताई." दुसऱ्या महिन्यात म्हटलं, पावसाळा आहे, वाळणार नाही. मग म्हटलं, थंडीत दव पडतं. मी कामं पुढे ढकलणारी नाही, ढकलण्याचीही यादी करते, इतकंच.

एका सकाळी मी बाबांच्या समोर चहाचा कप ठेवला. त्यांनी हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूला, रिकाम्या टेबलावर पडला. मग बोटांनी टेबल चाचपत ते कपापर्यंत पोचले. मी बघतेय हे त्यांना कळलं नाही. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी साखर आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्याच दिवशी मी रंग आणला. माझं ऑफिस तलासरीला आहे. काम संपल्यावर स्कूटर घेऊन हायवेवरच्या अच्छाड चेकपोस्टला गेले, कारण ट्रक रंगवणारे तिथे बसतात आणि त्यांच्याकडे सगळे रंग उघडे असतात. दुकानातला लहानात लहान डबाही माझ्या होडीला वर्षानुवर्षं पुरला असता. ढाब्याच्या मागे एक रंगारी ट्रकच्या फाळक्यावर कमळ काढत होता. मी औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या पुढे केल्या.

"थोडा निळा, थोडा पिवळा द्याल का?"

"कंची गाडी, बेन?" त्याने मान न वळवता विचारलं.

"गाडी नाही. होडी."

आता त्याने मान वळवली. "अच्छाडमां होडी? चेकपोस्टवर पकडतील हां." मग बाटलीकडे बघून, "एवढ्यात तर माझ्या ट्रकचा आरसापण नाय होणार. किती मोठी होडी?"

मी हाताने दाखवली. तो हसला, पण रंग दोन्ही नीट गाळून दिला. पैसे घेईना. "पातळ लावजो," म्हणाला. "घाबरून लावला ना, तर जाड लागतो. अने एकदा ब्रश टेकवला के थांबायचं नाय. थांबला के डाग."

घरी आल्यावर मी दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या : 'रंग. डोळ्यांत घालू नये.' नवरा म्हणाला, "घरात वाचणारे आपण दोघंच, आणि बाबांना थेंब घालणारी तू." तरी मी त्या बाटल्या वेगळ्या खोलीत ठेवल्या.

रविवारी सकाळी जेवण लवकर उरकलं आणि व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले. एका बाजूला निळा हात दिला. ब्रश बरा चालला. दीड वर्ष उगाच घाबरले असं वाटलं. अर्ध्या तासाने बघते तर रंग जागोजागी गोळा होऊन आकसला होता, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा. मी वाट बघितली. संध्याकाळी बोट लावलं, चिकट. सोमवारी चिकट. बुधवारीही चिकट, आणि त्यावर आता धूळ आणि एक चिलट. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं, शिवाय ज्याची भीती वाटायला सुचलंही नव्हतं तेही.

मी बाबांना सांगणार नव्हते. स्वच्छ करून मग बघू, असं ठरवलं होतं. पण बुधवारी त्यांनीच विचारलं, "रंगाचा वास येतोय चार दिवस. होडी कुठाय?" मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला, अंगठा चिकटला. तो त्यांनी नाकाशी नेला.

"हिला तेल लावलं होतंस?"

"लावलं होतं. तुम्ही लावायचात तसं. शेवटच्या दिवशी, हाताने."

"कुठलं?"

बाबा लावायचे ते माशाचं तेल मला कुठे मिळणार होतं? सहाही होड्यांना मी स्वयंपाकघरातलंच चोळलं होतं. "शेंगदाण्याचं," म्हटलं.

बाबांचे खांदे हलायला लागले. "अगं बाय, होडी केलीस का भजी? माशाचं तेल सुकतं. हे जन्मात सुकायचं नाही. ह्याच्यावर रंग कसा धरेल?"

मला हसू आलं नाही. सुताराच्या मुलीशिवाय ही चूक कोणी केलीच नसती. दुसऱ्या कोणी छोट्या होडीला तेल चोळलंच नसतं. मी म्हटलं, "गेली ना वाया?"

"कशाला जाईल? काच आण."

फुटलेल्या बरणीचा एक तुकडा त्यांनी चाचपून निवडला, मला दुसरी कड कापडात गुंडाळायला लावली, आणि होडी मांडीवर घेऊन काचेच्या धारेने रंग खरवडायला लागले. मी शेजारी बसून होते. बोट कापेल म्हणून एकदा हात पुढे केला, त्यांनी कोपराने बाजूला सारला. रंगासकट लाकडाचा पापुद्र्याइतका थर निघत होता. डोळे मिटलेले होते. उघडे ठेवून काही फायदा नव्हता म्हणून की सवयीने, ते मी विचारलं नाही. दोन संध्याकाळी गेल्या. मग त्यांच्या सांगण्यावरून होडी टर्पेंटाइनने पुसली, खडूच्या पुडीत पुरून उन्हात ठेवली. पूड तेल ओढून पिवळी पडली की बदलायची. किती वेळा? "पांढरी राहील तोवर." चार वेळा बदलली.

ते दिवस मला फार जड गेले. रोज सकाळी मी मुद्दाम कप टेबलावर जरा वेगळ्या जागी ठेवायचे आणि हात कुठे जातो बघायचे. असली परीक्षा घेतल्याची लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. वापीची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. तिथे काय सांगतील त्याच्या आत होडी व्हायला हवी, असं मनाने घेतलं होतं. त्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्यांदा रंगवताना बाबा समोर खुर्चीत बसले होते. मी पुन्हा विचारलं, "निळी नसली तर? हिरवी असली तर?"

"मला काय माहीत? मी कोरी दिली," ते म्हणाले. "ही होडी कोणाची?"

"तुमची."

"मी सुतार. मालक तू. रंग मालकाचा."

मी निळा लावला. पातळ. मग दोन दिवस वाळू दिला, आणि वरच्या कडेला पिवळा पट्टा ओढायला घेतला. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून निघाले, मध्यावर आले आणि रेघ वाकडी जातेय असं वाटून क्षणभर थांबले. अच्छाडचा रंगारी आठवला आणि पुढे गेले. पट्टा सरळ आला. मला तरी सरळ दिसला.

सुकल्यावर, वापीला जायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या उन्हात मी होडी बाबांच्या हातात दिली. मला वाटलं होतं, ते ती लांब धरून बघतील, कोणीही बघतं तशी. पण त्यांच्या नळीत अख्खी होडी मावत नव्हती. त्यांनी ती उजव्या डोळ्यासमोर आडवी धरली आणि हळूहळू सरकवायला लागले, बंदरातून होडी बाहेर निघावी तशी.

"नाळ," ते म्हणाले. "निळा चांगलाय." थोडी सरकवली. "पट्टा पिवळा." आणखी थोडी. मग थांबले. "इथे थांबलीस."

"हो."

"का?"

"भीती वाटली."

"दिसतंय," ते म्हणाले. नखाने ती जागा तपासली. मला दिसत नव्हता तो डाग मग मलाही दिसला, तिळाएवढा. "ह्याच्यावर परत हात मारू नको. जाड होईल." आणि सरकवत सुकाणूपर्यंत गेले.

होडी संपली. त्यांनी ती खाली ठेवली नाही. उलटी फिरवली आणि दुसरी बाजू नाळेपासून सुरू केली. ती झाल्यावर पुन्हा पहिली. आत फ्रिजवर संध्याकाळच्या थेंबांचा गजर वाजायला लागला. मी उठून तो बंद केला, बाटली न घेताच परत आले आणि त्यांच्याशेजारी बसले. होडी आता अर्ध्यावर आली होती, तिळाएवढ्या डागाच्या अलीकडे.