ठकीने निवडलेले पार्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना लिफ्ट बंद पडल्यावरच होते. सगळे ज्यांना नुसतं काका म्हणत, त्यांचंही तसंच होतं. अठ्ठावीस वर्षं ते इमारती-इमारतींतून तारा, ब्रेक आणि दारांची कुलपं तपासत फिरले. मध्येच अडकलेल्या माणसांशी फटीतून बोलायचे, "घाबरू नका, मी आहे इथे." सुटलेला माणूस आधी घड्याळ बघायचा आणि तरातरा चालू लागायचा. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. ब्रेकचा आवाज ऐकून नेमका कुठला स्क्रू ढिला आहे हे सांगण्यात त्यांचा हातखंडा होता आणि तेवढं सुख त्यांना पुरायचं.

घरी ते एकटेच. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी, जिला ते अजून ठकी म्हणत, दुसऱ्या शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीत नकाशे तपासायची. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन यायचा.

"जेवण वेळेवर होतंय ना?"

"होतंय."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"बरं. ठेवते मग."

चार मिनिटं. फार तर पाच.

याला कारण होतं. बायकोच्या पोटातली गाठ साधी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ठकीची शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ती वसतिगृहात राहायची. काकांनी बायकोला गळ घातली, "तिला आत्ता काही सांगू नकोस. पोरीचं वर्ष जाईल." दोघांनी मूग गिळले. परीक्षा संपवून ठकी हसत घरात शिरली, तर आई पलंगावर, ओळखू येणार नाही इतकी वाळलेली. त्यानंतर एकोणीस दिवस मिळाले. सगळं आटोपल्यावर ठकी ना रडली ना ओरडली. "माझे दोन महिने तुम्ही घेतलेत, बाबा," एवढंच म्हणाली आणि पहिली नोकरी मिळाली तिकडे निघून गेली.

तिच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर तसाच होता. ती पंधरा वर्षांची असताना दोघांनी मिळून तो जुळवला होता. पार्ट तिने निवडले आणि स्क्रू काकांनी पिळले. त्यावर दोघं ट्रकचा एक खेळ खेळायचे. ठकी घाटातून ट्रक हाकायची आणि काका शेजारी बसून नकाशा वाचायचे. "डावीकडे, डावीकडे! अगं, तुझं डावं की माझं डावं?" ट्रक दरीत जायचा, आणि स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "मेलात का दोघं? मग जेवायला या."

एका रविवारी बोलायला काही उरलं नाही तेव्हा ठकी सहज म्हणाली, "त्या ट्रकच्या खेळाचा नवा भाग आलाय. आता दोघं दोन गावांतून एकत्र खेळू शकतात." ती म्हणून गेली आणि विसरलीही असेल. काकांनी मात्र ते वाक्य आठवडाभर जपून ठेवलं. आठवड्याने त्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पुसली, तो चालू केला, खेळ इंटरनेटवरून उतरवायला लावला. तीन तासांनी पडद्यावर एक ओळ आली. हा खेळ या यंत्रावर चालणार नाही.

दहा वर्षांचं यंत्र, त्याचा तरी काय दोष! काकांनी कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि कागद-पेन घेऊन बसले. जुन्या लिफ्टला नवे भाग बसवणं हे त्यांचं रोजचंच काम. त्यांना वाटलं, एक ग्राफिक्स कार्ड बदललं की झालं. दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला, "काका, हे कार्ड तुमच्या पेटीत मावायचं नाही. आणि मावलं तरी त्याला वीज जास्त लागते, तुमचा पॉवर सप्लाय मान टाकेल."

"मग तोही बदलू."

"बदला. पण प्रोसेसर जुना आहे. कार्ड धावणार आणि प्रोसेसर मागे रखडणार. नवा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसत नाही. नवा मदरबोर्ड घेतला तर त्यात ही जुनी रॅम चालत नाही."

"म्हणजे जुनं काय राहिलं?"

"पंखा राहील एखादा," दुकानदार म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

काका घरी आले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी कागदावर कागद भरले. हे कार्ड धरलं तर तो बोर्ड, तो बोर्ड धरला तर ही रॅम. रात्री इंटरनेटवर वाचलेलं सकाळी खोटं ठरायचं, कारण एक जण ज्या प्रोसेसरची स्तुती करायचा त्यालाच दुसरा शिव्या घालायचा. काकांच्या नाकी नऊ आले. शेवटी रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं, "ठकी, तो सॉकेट म्हणजे नक्की काय गं?"

"तुम्ही काय करताय, बाबा?"

काकांनी सांगितलं. ठकी हसली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"कागदावर काय लिहिलंय ते वाचा बरं. नाही, नाही, हा प्रोसेसर नको, हा फार तापतो. मधला घ्या. कार्डही एक पिढी मागचं घ्या, आपल्या खेळाला पुष्कळ झालं. रॅम एकाच पट्टीत घेऊ नका, दोन पट्ट्या घ्या. आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका, तो गेला तर सगळ्यांना घेऊन जातो."

आपल्या खेळाला, असं ती म्हणाली. काका लिहीत होते आणि अक्षर थरथरत होतं. ते आनंदाने नव्हे. दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. आधी चहाचा कप हिंदकळायचा, मग स्क्रू हातातून सुटू लागले. एकदा गच्चीवरच्या यंत्रघरातून पाना खाली लिफ्टच्या खड्ड्यात पडला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. साहेबांनी त्यांना टेबलावर तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. ठकीला त्यांनी सांगितलं होतं, बढती मिळाली.

"प्रोसेसर बसवताना जपा हं," ती म्हणाली. "दाबायचा नाही. सरळ धरून अलगद ठेवायचा. सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत, केसासारख्या पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला. दुकानातच बसवून घ्या ना."

"अगं, लिफ्ट दुरुस्त करतो मी!"

"हो, हो," ती हसत म्हणाली. तो फोन पन्नास मिनिटं चालला. ठेवल्यावर काका बराच वेळ नुसते खुर्चीत बसून राहिले.

पार्ट आले. शनिवारी दुपारी, खिडकीतून चांगलं ऊन येत असताना, त्यांनी टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. बोर्ड काढला, सॉकेटचं झाकण उचललं. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि प्रोसेसर दोन बोटांत उचलला. सॉकेटपासून बोटभर अंतरावर हाताला झटका आला. प्रोसेसर कोपऱ्यावर आपटला. घाईने सावरायला गेले तर तो पिनांवरून आडवा घासला गेला.

भिंगातून पाहिलं. वाऱ्याने झोपवलेल्या गवतासारख्या दोन-तीन रांगा आडव्या झाल्या होत्या. सुईच्या टोकाने एक उचलायला गेले, ती तुटली. मग त्यांनी सुई खाली ठेवली. इतकी वर्षं ज्या हातावर पोट चाललं, तो हात मांडीवर आपला आपण हलत होता आणि काका दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत होते.

रविवारी दहा वाजता फोन. "झाला चालू?"

खरं सांगायचं तर हाताचं सांगावं लागलं असतं. "झाला," काका म्हणाले.

"मस्त! आज संध्याकाळी खेळू. मी हाकते, तुम्ही नकाशा धरा."

"आज जरा काम निघालंय गं."

पुढच्या रविवारी इंटरनेट बंद होतं. त्याच्या पुढच्या रविवारी शेजाऱ्यांकडे जायचं होतं. मधल्या दिवसांत त्यांनी दुकानदाराला बोर्ड दाखवला. त्याने भिंग लावून पाहिलं, मान हलवली. "हे काही सरळ होणार नाही, काका. आणि नवा बोर्ड आता महिनाभर तरी येत नाही." चौथ्या रविवारी ठकीचा आवाज पुन्हा जुन्यासारखा कोरडा झाला होता.

"बाबा, खेळायचं नसेल तर तसं सांगा. बहाणे कशाला? मीच वेडी, ठरवून शनिवारीच सगळी कामं उरकत बसते."

"खेळायचं आहे गं. बोर्ड खराब झाला. माझ्या हातून."

"मग चालू झाला म्हणून का सांगितलंत?"

"हात थरथरतो माझा."

"कधीपासून?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "दीड वर्ष झालं असेल."



"म्हणजे ती बढती?"

"टेबलावर बसवलंय."

"डॉक्टर?"

"दाखवणार होतो. तुला उगाच काळजी नको म्हणून..."

"हे वाक्य पुन्हा बोलू नका!" ठकी किंचाळली. "आईच्या वेळी हेच बोलला होतात, हेच. मला वाटलं, निदान त्यातून काही शिकला असाल. मला नाही जमणार हे, बाबा. दर वेळी मला सगळ्यात शेवटी कळणार आणि मी रडायचं, हे मला नाही जमणार."

फोन ठेवला गेला. काकांनी तीनदा लावला, उचलला नाही. पुढच्या रविवारी दहा वाजले, अकरा वाजले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. काकांनी संदेश लिहायला घेतला, पण बोट भलत्याच अक्षरावर पडायचं. "माफ कर" एवढे दोन शब्द धाडले. ते तिने वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

मंगळवारी रजा काढून ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहून घेतली. अक्षरं पुढे जाता जाता मुंगीएवढी झाली होती. बाईंनी मऊ आवाजात सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी त्याचा वेग कमी होईल, पण तो मागे फिरणार नाही.

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. मुलगी आहे, बाहेरगावी."

"तिला सांगितलंय?"

"सांगितलंय," काका म्हणाले. "उशिरा सांगितलं."

बाईंनी पुढची तारीख लिहून कागद त्यांच्याकडे सरकवला. सोबत कुणाला तरी घेऊन या, म्हणाल्या. काकांनी कागदाची घडी घालायचा दोनदा प्रयत्न केला. मग घडी राहू दिली आणि कागद हातात धरून बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर माणसं येत होती, आपला नंबर पुकारला की उठून जात होती. काकांचा नंबर तर होऊन गेला होता. तरी ते बसून राहिले.