उभ्याने केलेले फोन

फोन लावण्याआधी ताई उभ्या राहायच्या. खुर्ची मागे सारायची, पदर खांद्यावर नीट करायचा, डोक्यावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि मगच आकडे दाबायचे. पलीकडच्याने उचलला नाही तर बसायचं. पुन्हा लावायचा तर पुन्हा उभं राहायचं. दिवसाला चाळीस-पन्नास फोन, म्हणजे उठाबशा किती झाल्या ते तुम्हीच मोजा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "ताई, बसून बोला न. त्याले थोडीच दिसून राहिलं?"

"मले तं दिसते न," त्या म्हणाल्या. "चूक आपली हाय, भाऊ. बसून कशी सांगू?"

मी नागपुरातल्या एका स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्ड लिहितो. गिऱ्हाईक सांगतं, "आवाज येऊन राहिला," मी लिहितो, "आवाज येतो." गिऱ्हाईक सांगतं, "काहीतरी होऊन राहिलं," तेही मी लिहितो. वीस वर्षं हेच चाललंय, आणि खरं सांगायचं तर या नोकरीत उभं राहण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं की कंपनीचं पत्र आलं. एका ठरावीक काळात बनलेल्या स्कूटरींच्या इंजिनात एक बेअरिंग कच्ची बसली होती. ती अडकली तर गाडी चालता चालता भर रस्त्यात बंद पडू शकते. सगळ्या गाड्या परत बोलवा, इंजिन उघडा, बेअरिंग बदला, पैसे घेऊ नका. आमच्याकडे दोनेकशे गाड्यांची यादी आली आणि एवढे फोन करणार कोण म्हणून ताईंना घेतलं. वय पन्नाशीच्या पुढे, आधीचं कुरिअरचं ऑफिस बंद पडलेलं, घरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. नेमणूक यादी संपेपर्यंतच होती. शेवटच्या नावावर रेघ पडली की ताईंची नोकरी संपली, हे त्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काय बोलायचं याचा कागद मॅनेजर साहेबांनी टाईप करून दिला होता. "आपल्या गाडीची खबरदारीची मोफत तपासणी करण्याची संधी." चूक, खराबी, बिघाड हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत अशी खाली सूचना. ताईंनी दोन दिवस इमानदारीने तो कागद वाचला. मोफत म्हटलं की माणूस सावध होतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कोणी विचारलं, "ओटीपी मांगसान न आता?" कोणी म्हणालं, "फुकट देऊन राहिले म्हणजे नक्की गडबड हाय." एका काकाजींनी तर ताईंनाच पोलिसात देण्याची धमकी दिली. दोन दिवसांत एकही गाडी आली नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी तो कागद चहाच्या ग्लासाखाली ठेवला, उभ्या राहिल्या आणि त्याच काकाजींना पुन्हा फोन लावला. "नमस्कार जी. तुमच्या गाडीच्या इंजिनात एक पार्ट खराब बसवला हाय. चूक तुमची नाही, आमची हाय. कधी आणता?"

काकाजी शहराच्या जुन्या महाल भागातले. ते म्हणाले, "काय म्हणाल्या? पुन्हा म्हणा." ताईंनी पुन्हा म्हटलं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि घरात हाक मारली, ती आम्हालाही ऐकू आली. "अवं, इकडं ये वं! कंपनीवाली चूक कबूल करून राहिली!" दुसऱ्या दिवशी काकाजी गाडी घेऊन हजर. मागे काकू, आणि काकूंचा भाऊ वेगळ्या गाडीवर, ही बाई दिसते कशी ते पाहायला.

साहेबांच्या कानावर गेलंच. "मॅडम, चूक म्हणू नका. लोक अंगावर येतात."

"येऊ द्या न सर," ताई म्हणाल्या. "गाडी घेऊनच येतीन."

आणि खरंच येऊ लागले. भांडत येत, पण येत. एक जण अडून बसला की आपण दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो, आपल्या गाडीला काही होऊच शकत नाही. ताईंनी त्याला समजावलं, "लिंबू-मिरची बाहेरच्या नजरेसाठी असते, दादा. हे आतलं हाय." त्याला ते पटलं. कळमना बाजारातल्या एका फळवाल्याला संत्र्याच्या हंगामात गाडी सोडायची नव्हती. "तुमची पेटी सडकी निघाली तं तुमी काय करता?" ताईंनी विचारलं. "बदलून देतो," तो म्हणाला. "मंग? आमची पेटी सडकी निघाली जी." तोही आला, येताना दोन किलो संत्री घेऊन आला, आणि त्यातली दोन सडकी निघाली. ताईंनी त्याला फोन करून तेही सांगितलं.

एका सोमवारी माझा मोबाईल वाजला. पाहतो तर ऑफिसचाच नंबर. मान वर केली तर शेजारच्या टेबलापाशी ताई उभ्या, फोन कानाला, नजर माझ्यावर. "नमस्कार जी. तुमच्या घरच्या स्कूटरमध्ये एक पार्ट खराब बसवला हाय."

बायकोची स्कूटर यादीत होती, माझ्या नावावर. मला ते ठाऊक होतं. मी तीन हातांच्या अंतरावर बसलो होतो, पण यादीतल्या माणसाला फोन गेला पाहिजे म्हणजे गेला पाहिजे. सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो आणि म्हणालो, "पुढच्या आठवड्यात आणतो, ताई." सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाच्या घरची गाडी कधी वेळेवर सर्व्हिसिंगला गेलीय का? घरी बायकोने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की तपासणी झाली. त्यानंतर दर सोमवारी माझा फोन वाजायचा आणि दर सोमवारी मी पुढचा आठवडा सांगायचो.

कुहीची गोष्ट तर सांगायलाच हवी. एक स्कूटर दोनदा विकली जाऊन कुहीजवळच्या एका गावात पोचली होती. तिसरा मालक फोनवर "गाडी नाही माह्याकडं" एवढंच म्हणून फोन आपटायचा. शेवटी ताई, एक मेकॅनिक आणि मी व्हॅन घेऊन गेलो. मालक अंगणातच भेटला. "कोणती गाडी? मी तं सायकलनं फिरतो." त्याच्या मागे धानाच्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता, आणि त्या ढिगातून स्कूटरचा एक आरसा बाहेर आला होता. ऊन त्याच्यावर पडून थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. मी बोट दाखवणार, तेवढ्यात ताईंनी माझ्या कोपराला चिमटा काढला.

त्या माणसाला आम्ही थकलेल्या हप्त्यांसाठी गाडी उचलून नेणारे जप्तीवाले वाटलो होतो. ताईंनी पदर सारखा केला आणि तणसाच्या ढिगासमोर उभं राहून बोलायला सुरुवात केली, जणू ढिगाशीच बोलत होत्या. "माहे बाबा उमरेडचे विणकर होते. एकडाव एका लुगड्याच्या काठाचा धागा कच्चा निघाला. कळलं तवा लुगडं इकून झालं होतं, ह्याच कुहीच्या बाजारात. बाबा सायकल घेऊन आले, तीन गावं विचारत फिरले. जिनं घेतलं होतं तिनं लुगडं लपवून ठेवलं. तिले वाटलं, हा जास्त पैसे मांगाले आला. बाबा म्हणाले, बाई, पैसे नको. चार माणसांत काठ फाटला तं लाज तुही जाईन आनि नाव माहं जाईन."

आतून त्याची बायको हातात सूप घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "काढा ते तणस. पोराले मागं बसवून नेता तुमी." त्याने तणस उपसलं. गाडी बाहेर आली तेव्हा तिच्या सीटवर एक कोंबडी बसलेली होती. तिला उठवायला मात्र जास्त वेळ लागला.

परतताना मी विचारलं, "ताई, मंग त्या बाईनं लुगडं देल्लं का परत?"

"देल्लं. बाबांनं नवं विणून देल्लं तिले," ताई म्हणाल्या. "आनि मायनं बाबांशी आठ दिवस बोलणं बंद केलं."

यादी आटत गेली. वीस नावं, बारा, पाच. साहेब खूश. या दिवसांत ताई दुपारच्या डब्यासोबत वर्तमानपत्राचं जाहिरातींचं पान उघडून बसायच्या आणि एखाद्या चौकटीभोवती पेनाने गोल करायच्या. ते गोल पाहून माझ्या डोक्यात एक विचार आला. एक नाव जरी राहिलं तरी यादी उघडी राहते. आणि एक नाव माझ्या हातात होतं! तोवर मी निव्वळ आळशी होतो, आता त्याच आळसाला मी उपकार म्हणू लागलो. कोणाला न सांगता आपण एका बाईची नोकरी सांभाळतोय, या कल्पनेने मला झोपसुद्धा छान लागत होती. बायको रोज त्याच स्कूटरवर शाळेत शिकवायला जात होती, हे मी त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

अखेर माझं एकच नाव उरलं. सोमवारी फोन वाजला. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात."

"काहून?" ताईंनी विचारलं. या आधी त्यांनी कधी कारण विचारलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन हळूच सांगितलं, "ताई, हे एक नाव राहू द्या न. यादी उघडी राहिली तं तुमची खुर्ची राहते. मी मुद्दामच आणून नाही राहिलो."

खरं सांगतो, त्या आभार मानतील असं मला वाटलं होतं. ताई खाली बसल्या. मग विचारलं, "वहिनी कोणत्या रस्त्यानं जाते?"

"कामठी रोडनं."

"तिथं ट्रक चालते न?"

"चालते."

त्या उठल्या. खुर्ची मागे सारली, पदर नीट केला, चष्मा नाकावर आणला आणि माझ्या बायकोला फोन लावला. "नमस्कार वहिनी. तुमच्या गाडीत एक पार्ट खराब बसवला हाय. चूक आमची हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आनि या वेळी थोडी तुमच्या घरातली बी हाय. गाडी शाळेतच राहू द्या. आज चालवू नका. मी आत्ता व्हॅन पाठवते."

तासाभरात व्हॅनमधून स्कूटर आली आणि स्कूटरसोबत बायकोही आली, हेल्मेट हातात घेऊन. "मले तं म्हणाले होते, तपासणी झाली," ती म्हणाली. हे तिने मला नाही, ताईंना सांगितलं. मी जॉबकार्डात काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होतो. कार्ड कोरं होतं.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. बेअरिंग काढली, पुसली आणि बोटावर ठेवून फिरवली. ती अर्धी फिरली आणि अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच अडकली. ताईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पुसूनही तेलाने ओशट होती.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ह्या एवढ्याशा तुकड्यावर माही नोकरी ठेवून राहिले होते तुमी. आनि वहिनीले बसवून."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायकोने हेल्मेटचा पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. ताईंनी लाल पेन काढून माझ्यासमोर माझ्या नावावर रेघ मारली, खाली सही केली आणि यादी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

शनिवारी त्या गेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांना समोसे वाटले; मला समोसा आणि सल्ला दोन्ही मिळतील असं वाटलं होतं, समोसाच मिळाला. मी पुटपुटलो, "ताई, यादी संपायला नको होती." त्यांनी मला वेड्यात काढलं. "असं कसं म्हणता, भाऊ? संपली म्हणजे रस्त्यावर कोणी राहिलं नाही न आता." नंतर त्यांच्या मुलीला वर्ध्याला नोकरी लागली आणि त्या तिच्यासोबत गेल्या, एवढं कळलं.

गेल्या आठवड्यात कंपनीचं नवीन पत्र आलं. त्याच स्कूटरी, आता दुसराच एक पार्ट. साहेबांनी वेगळा माणूस घेतला नाही, यादी माझ्या टेबलावर टाकली. सोबत तोच जुना टाईप केलेला कागद, त्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग. पहिलंच नाव महालातल्या काकाजींचं होतं.

"पुन्हा काय झालं?" काकाजी गुरकावले. "आनि त्या बाई कुठं हायेत? त्यायनं सांगितलं तं आणीन."

"त्या नाहीत जी आता," मी म्हणालो. "पण चूक आमचीच हाय."

काकाजी म्हणाले, "बरं. उद्या आणतो."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझी खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली होती आणि मी उभा होतो.