कृपयाताई आणि हरवलेला ड्रायव्हर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे कृपयाताई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांना त्याचा रागही येत नाही. तुम्ही त्यांना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. लिफ्टमध्ये "कृपया दरवाजा बंद करा" म्हणतात त्या ह्याच. बँकेत फोन लावला की "कृपया एक दाबा" म्हणतात त्याही ह्याच. आयुष्यभर त्यांनी अनोळखी माणसांना थांबायला सांगितलं, आणि माणसं थांबली. घरात मात्र त्यांचं कोणी ऐकत नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

ताईंना दोन आवाज आहेत. एक कामाचा, दुधावरच्या सायीसारखा. दुसरा घरचा, जो जिन्यात दोन मजले खाली ऐकू येतो. गंमत अशी की हातात फोन आला की कामाचा आवाज आपोआप लागतो. भाजीवाल्यालासुद्धा त्या फोनवर "आपली मेथी आमच्यासाठी महत्त्वाची आहे" अशाच सुरात बोलतात.

पूर्वी त्या स्टुडिओत जात. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि काम घरी आलं. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा काढून तिथे स्टूल ठेवलं. चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, समोर माइक लावला. माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक काळी डबी. तिला यूएसबी साउंड कार्ड म्हणतात. माइकमधून आलेला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणं हे तिचं काम. ती डबी बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनचे संदेश ताईंनीच रेकॉर्ड केले होते. तेव्हा कंपनीने कौतुक म्हणून ती डबी भेट दिली होती, वर लाल रिबीन बांधून.

एका सकाळी कॉम्प्युटरने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं. ताईंनी कपाटात बसून माइकसमोर "हॅलो, हॅलो" केलं. पडद्यावरची रेघ ढिम्म हलली नाही. वर एक चौकट उगवली: "उपकरण ओळखता आले नाही. ड्रायव्हर सापडला नाही."

"अहो!" ताईंनी घरच्या आवाजात हाक मारली. "ड्रायव्हर सापडत नाही म्हणे!"

त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू बिघडली की त्यांचा एकच उपाय: बंद करा, थांबा, चालू करा. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, थांबले, चालू केला. मग डबीची वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, मग तिसऱ्या. शेवटी बाहेर जाऊन अख्ख्या मजल्याचा मेन स्विच पाडला. फ्रिज बंद पडला, शेजारच्यांच्या टीव्हीची तक्रार आली. ड्रायव्हर काही आला नाही.

आता अडचण अशी की काम तातडीचं होतं. त्याच कंपनीचा नवा संदेश संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मजकूर समोरच होता: "आमचे उपकरण फक्त जोडा आणि बोला. कोणत्याही ड्रायव्हरची आवश्यकता नाही."

ताईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि बहिणीच्या मुलाला स्पीकरवर फोन लावला.

प्रत्येक घरात असतो तसा हा भाचा 'कॉम्प्युटरमधला' होता. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या कंपनीत तो माणसं नेमायचं काम करायचा. पण नातेवाईकांना हा फरक कधी कळला नव्हता, आणि त्यानेही कधी कळू दिला नव्हता.

"मावशी, टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम गं. डबीची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषी."

"मग दुभाषीच म्हणा की," यजमान मागून म्हणाले. "ड्रायव्हर म्हटल्यावर माणूस खिडकीतून खाली बघतो."

भाच्याने ऑफिसमधूनच ताईंच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे पळू लागला, तशी यजमानांनी खुर्ची थोडी मागे घेतली. भाच्याने ड्रायव्हर शोधून देणारा कुठलासा फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्या प्रोग्रॅमला ताईंच्या कॉम्प्युटरमधलं काहीच पसंत पडेना. कीबोर्ड जुना, पडदा जुना. घरात प्रिंटर नव्हताच, पण त्याचाही ड्रायव्हर जुना झाल्याचं त्याने लाल अक्षरांत कळवलं. सगळं 'दुरुस्त' करून झाल्यावर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या स्पीकरमधूनही आवाज येईनासा झाला.

"हां," भाचा समाधानाने म्हणाला, "म्हणजे प्रॉब्लेम ड्रायव्हरचाच आहे. मावशी, माझी मीटिंग आहे." आणि बाण जागच्या जागी मेला.

आता कंपनीची हेल्पलाइन तेवढी उरली होती.

ताईंनी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून सायीसारखा आवाज आला: "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा."

दोघं एकमेकांकडे बघत बसली.

"इतक्या गोडीने कधी चहा विचारला नाहीस," यजमान म्हणाले.

ताईंचं लक्ष वेगळीकडेच होतं. "'महत्त्वाचा'च्या आधी श्वास घेतलाय बघा. तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा घेऊया."

आवाज पुन्हा आला, पुन्हा आला, पुन्हा आला. पहिल्यांदा ताईंना अभिमान वाटला. मग जरा कंटाळा आला. मग "राहा"वरचा गोड हेलकावा असह्य व्हायला लागला. "किती लाडात बोलते ही बया!" त्या पुटपुटल्या. आपण जगाला काय काय ऐकवलं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं कळलं.

शेवटी खट् असा आवाज झाला आणि कोणीतरी फोन उचलला. ताईंनी लगबगीने फोन तोंडाशी धरला. फोन हातात आला तसा कामाचा आवाज लागला. "नमस्कार. मला आपली मदत हवी आहे."

पलीकडची बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, हे रेकॉर्डिंग अजून संपलंच नाही बघ," आणि फोन ठेवून दिला.

पुन्हा नंबर, पुन्हा आपलंच गोड बोलणं, पुन्हा खट्. "कृपया फोन ठेवू नका," ताई कळवळून म्हणाल्या. याहून चुकीचं वाक्य त्यांना सुचलं नसतं. फोन पुन्हा कट.

तिसऱ्या वेळी यजमानांनी सूत्रं हाती घेतली. पुरुषाचा आवाज ऐकून हेल्पलाइनवाल्या बाईने नीट विचारपूस सुरू केली.

"सर, डबीच्या खाली मॉडेलचं नाव असेल, ते वाचा."

"चष्मा..." यजमान खिसे चाचपू लागले.

ताईंनी मागून हळूच सांगितलं, त्याच सायीच्या आवाजात, कारण मन फोनवरच होतं. "नावानंतर कंसात दोनचा आकडा आहे."

"सर," हेल्पलाइनवाली म्हणाली, "तुमच्या मागे आमचं रेकॉर्डिंग चालू आहे. ते आधी बंद करा."

"बाई," यजमान म्हणाले, "ते मला लग्न झाल्यापासून जमलेलं नाही."

इथे ताईंचा बांध फुटला. "द्या इकडे तो फोन!" जिन्यात दोन मजले खाली मी ऐकलं, इतका तो घरचा आवाज होता. "अहो बाई, मी रेकॉर्डिंग नाही! जिवंत माणूस आहे! सकाळपासून गोधड्यांत घुसून बसलेय, तुमची डबी मुकी झालीय, भाच्याने होता तो आवाजही घालवलाय, आणि तुम्ही माझ्याच तोंडावर फोन आपटताय!"

मग ती बाई समाधानाने म्हणाली, "हां, आता कोणीतरी माणूस आलं."

खरा प्रकार कळल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण दिवसभर कानात तुमचा आवाज असतो. परवा लिफ्टमध्ये तुम्ही 'कृपया' म्हणालात, तर मी लिफ्टला म्हटलं, 'सांगा, काय अडचण आहे?'"

मग मात्र ती कामाला लागली, आणि काम तिला येत होतं. डबीच्या दोन आवृत्त्या होत्या. कंपनीच्या संकेतस्थळावर आधी दिसायचा तो पहिलीचा ड्रायव्हर. ताईंची डबी दुसरी. तिचा ड्रायव्हर, का कोण जाणे, 'जुनी उत्पादने' नावाच्या तळघरात ठेवला होता. पण तो बसवण्याआधी कॉम्प्युटरमधली अडगळ काढायला हवी होती.

"उपकरणांच्या यादीत जा. वर 'लपलेली उपकरणे दाखवा' असं आहे, ते दाबा."

ताईंनी दाबलं. फिकट अक्षरांत डबीची नावं एकाखाली एक उभी राहिली. वायर दर वेळी दुसऱ्या भोकात गेली होती, आणि दर वेळी कॉम्प्युटरने नवी डबी आल्याची नोंद केली होती.

"ही सगळी यांची पुण्याई," ताई यजमानांकडे बघत म्हणाल्या.

एकेक नाव पुसलं. भाच्याचा फुकट प्रोग्रॅम हाकलला. तो जाताना तीनदा "खात्री आहे का?" विचारून गेला. डबीची वायर काढली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

"मी हेच म्हणत होतो," यजमान म्हणाले.

"आता आधी ड्रायव्हर बसवायचा," हेल्पलाइनवालीने बजावलं. "तो 'जोडा' म्हणेपर्यंत डबीला हात लावायचा नाही. सगळे इथेच चुकतात."

ताईंनी हात मांडीवर ठेवले. यजमानांचे हातही स्वतःच्या हातात धरून ठेवले. पडद्यावर 'जोडा' आलं. डबी जोडली. तिच्यावर हिरवा दिवा लागला आणि रेघ नाचायला लागली.

हेल्पलाइनवालीचे आभार मानून ताई कपाटात शिरल्या, हेडफोन लावले. माइक चांगलाच तिखट कानाचा होता. बाहेरच्या खोलीत यजमान भावाला फोनवर सांगत होते, ते शब्दन् शब्द कानात आलं: "काही नाही रे, लपलेली उपकरणं होती. शोधून काढली. तिला काय कळतंय त्यातलं!" ताईंनी माइकची पातळी जरा खाली केली.

मग त्यांनी मजकूर हाती घेतला. "कोणत्याही ड्रायव्हरची आवश्यकता नाही." जीभ अडखळली. त्यांनी कंपनीत संदेश बघणाऱ्या साहेबांना फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. "या वाक्याऐवजी 'आधी ड्रायव्हर बसवा, मग डबी जोडा' एवढंच घालूया का? खरंही आहे आणि छोटंही आहे."

"सूचना फारच मौल्यवान आहे," साहेब म्हणाले. "पण ड्रायव्हर शब्दाने ग्राहकाच्या मनात भीती निर्माण होते. आणि हा मजकूर वरपर्यंत मंजूर झालाय."

"पण वर कोणी डबी जोडून बघितली का?"

"ताई, वर डबी नसते," साहेब गंभीरपणे म्हणाले.

ताईंनी वाक्य होतं तसं वाचलं. संदेश सुरू झाला. थोड्याच दिवसांत हेल्पलाइनवालीचा ताईंना फोन आला. ताईंनी मुद्दाम घरच्या आवाजात "कोण?" विचारलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. कॉल दुप्पट झाले होते. ड्रायव्हर बसवा म्हटलं की लोक भांडत होते, "तुमच्याच बाई सांगतात लागत नाही म्हणून! तुमचं खरं मानू की त्यांचं?" आणि लोक ताईंचं मानत होते.

कंपनीत बैठक बसली. चुकीचं वाक्य काढून टाकावं, अशी एक सूचना आली होती म्हणे. पण ते मंजूर असल्यामुळे काढता येईना. तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडायचं ठरलं. मजकूर ताईंकडे आला: "कृपया या संदेशावर पूर्णपणे विसंबून राहू नये."

ताई कपाटात बसल्या. पहिल्यांदा 'विसंबून'वर हसू फुटलं आणि गोधडीत तोंड खुपसावं लागलं. दुसऱ्यांदा वाक्य कसंबसं पार पडलं, पण शेवटी हसू दाबल्याचा श्वास राहिला. तिसऱ्यांदा स्वच्छ, कोरं, कामाचं वाक्य निघालं. ताईंनी दुसरं आणि तिसरं अशी दोन्ही पाठवून दिली.

कंपनीने दुसरं निवडलं. साहेबांनी खास फोन करून कळवलं, "या वाक्यात ग्राहकाबद्दलची आपुलकी फार सुंदर उतरली आहे."