सरकारला दंड मागणारी

कचेरीत आम्ही जिला दंडवाली म्हणायचो, ती कुणालाच हात जोडत नसे. कचेरीत येणारा माणूस पायरीपासूनच वाकायला लागतो. सातपुड्यातली ही भिल्लीण मात्र ताठ उभी राहायची आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणायची, "भीक नही, दंड दे माले." मी रनाळ्याचा, तापीपलीकडच्या त्या कचेरीत कारकून होतो.

इंग्रज साहेबाच्या शिकारीत हाका घालून जनावरं उठवायला तिचं गाव वेठीला धरलं होतं. तिचा मुलगा तापाने फणफणला होता, उठला नाही. हवालदाराने त्याला मोहाच्या झाडाला बांधलं आणि गावादेखत चाबकाने फोडलं. दिवस मावळायच्या आत पोर गेलं. तिने विळा उचलला आणि हवालदाराची दोन बोटं तिथेच तोडली. शिपायांनी तिची झोपडी जाळली, तिला कैद झाली.

सुटली ती थेट कचेरीत आली. "बोटं मी तोडात, तेना दंड मी जेलमा भरा. मन्हा पोऱ्याले तुम्ही मारं, तेना दंड कोन भरी?"

त्यांच्यात रीत होती. मारणाऱ्याच्या माणसांनी मेलेल्याच्या दारात यायचं, पंचांपुढे 'आम्ही मारलं' म्हणायचं आणि भरपाई द्यायची. सरकार म्हणजे तिच्या लेखी असंच एक कुळ. साहेबाने तिला पायऱ्यांवरून खाली फेकवलं. दोन दात पडले. पुढच्या बाजाराच्या दिवशी सुजलेल्या तोंडाने ती पुन्हा दारात हजर.

पुढे दुसऱ्या एका साहेबाने दया म्हणून वीस रुपये मंजूर केले. कागद मीच वाचून दाखवला. तिने विचारलं, "'आम्ही मारं' आसं लिखेल शे का?" मी नाही म्हणालो. रुपये साहेबाच्या तोंडावर बसले. मग शिपायांच्या काठ्या पडल्या, तिचा हात मोडला. मी दौतीकडे बघत बसून राहिलो.

झेंडा बदलला तेव्हा वाकडा जुळलेला तो हात घेऊन ती आली. नवे मामलेदार भले गृहस्थ. म्हणाले, "आजी, ते इंग्रजांनी केलं. गेले ते."

"खुर्ची संगे उचलीसन लई ग्यात का?" तिने विचारलं.

मामलेदार हसले. मला हसू आलं नाही. पोराच्या मृत्यूच्या कागदावर 'तापाने' हा शब्द माझ्या हातचा होता. तेव्हा वरून हुकूम आला आणि मी लिहिलं.

त्याच आठवड्यात मी डोंगर चढलो. तिच्या दारात, पंचांपुढे सगळं सांगितलं. ती मग उठली आणि काठीचा असा तडाखा दिला की माझा कान फाटला. कुणी तिला अडवलं नाही. मीही हात वर केला नाही. थोड्या वेळाने तिनेच पाणी आणून रक्त धुतलं.

"तुन्हा दंड फिटी गया," ती म्हणाली. "सरकारना बाकी शे."

वर्षभरात ती गेली. सरणापाशी सरकारी माणूस म्हणून मी एकटाच होतो. पंच माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. पण 'आम्ही मारलं' असं सरकारच्या वतीने म्हणायचा अधिकार कारकुनाला नव्हता.