फोनमधला पाहुणा आणि अक्का

डॉक्टर फोनवर येणार असले की अक्का त्यांच्यासाठी चहा टाकायच्या. रेंज फक्त ओसरीवर यायची, म्हणून तिथं पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा करायचा, समोर कपबशी ठेवायची, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मगच फोन लावायची मला खूण व्हायची. डॉक्टर सोलापुरात, कप सोनारीजवळच्या आमच्या वस्तीवर. बोलणं संपलं की तो निवलेला गोडमिट्ट चहा माझ्या नशिबी यायचा. "डॉक्टरांनी काय फोनमधून हात काढून प्यायचा का?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "प्यायचा का न्हाय ते त्येंचं त्येंनी बघावं. आपण इचारायचं तेवढं इचारावं."

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. मूलबाळ नव्हतं आणि यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. साखरेचा आजार जुना. सोलापूरची वारंवारची खेप झेपेना, तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी महिन्यातून एकदा फोनच्या पडद्यावर बघून तपासायचं कबूल केलं. फोन धरायला मी धाराशिवहून जायचो.

पण तपासणार काय, कपाळ! अक्कांच्या लेखी फोनवर आलेला डॉक्टर हा घरी आलेला पाहुणा होता आणि पाहुण्यापुढं दुखणं काढणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. डॉक्टर विचारायचे, "अक्का, काय त्रास?" की अक्का म्हणायच्या, "लई बरं हाय. तुमच्या आईचे गुडघे कसे हायेत?" त्या माउलीच्या गुडघ्यांची आमच्या वस्तीला खडान्‌खडा माहिती होती. इतकंच काय, आदल्या दिवशी अक्का जवळजवळ उपाशी राहायच्या, म्हणजे यंत्रावर साखर शहाण्यासारखी दिसावी. मी रागावलो की म्हणायच्या, "पाव्हणा यायच्या आदी घर सारवतेत का न्हाय? मग?" या बाईपुढं डोकं फोडून घ्यावं असं मला दर महिन्याला वाटायचं, आणि दर महिन्याला निघताना त्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबायच्या.

त्या वर्षी चैत्रात त्या भैरोबाच्या जत्रेला अनवाणी गेल्या. परत आल्यावर ज्याला त्याला कौतुकानं सांगायच्या, "समद्या बाया चटक्यानं उड्या मारायल्या आणि मी आपली सावकाश. मला ऊनच लागंना. भैरोबाची किरपा." ऐकणारे हात जोडायचे. मला मात्र मामा आठवले. त्यांनाही साखर होती आणि शेवटी शेवटी पायात खडा रुतलेला कळायचा नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर ऐन उन्हाळ्यात अक्कांच्या पायांत लोकरीचे मोजे. डाव्या पायावर जोर न देता चालत होत्या. जवळ बसल्यावर एक वास आला. अगरबत्तीच्या वासातूनही तो येत होता. मी म्हणालो, "अक्का, मोजा काढा." म्हणाल्या, "गार वाजतंय." मी हात पुढं केला तर हातावर फटका बसला. "चला बार्शीला दवाखान्यात, आत्ता," म्हणालो, तर खांबाला धरून बसल्या. मामा असेच जखम दाखवायला म्हणून चालत गेले होते आणि गुडघ्यापासून पाय देऊन परत आले होते. त्यातून अक्कांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती. "पाय दावला की कापतेत," त्या म्हणाल्या. "मी हाय तशी मरंन, पर दोन पायांवर मरंन."

मी गोठ्यामागं जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. तिथं रेंज येत-जात होती, निम्मं ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "नेहमीसारखा फोन लावा. बघू."

तांब्या, पाट, कपबशी सगळं मांडून झालं. डॉक्टर सरळच म्हणाले, "अक्का, पाय बघू तुमचे." अक्कांनी कानाला हात लावला. "अगं बया! तुमच्या तोंडापुढं पाय करू? दारी आलेल्या माणसाला पाय दावायचा का?" मी तोंड उघडलं तर अक्कांनी असं पाहिलं की ते मिटलं. संपलं, असं मला वाटलं. ते ठेवतो म्हणतील आणि ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाईल.

"बरं, निघतो मग," डॉक्टर म्हणाले. "पण अक्का, इतके दिवस तुमच्या घरी येतोय आणि दर वेळी वडीलधाऱ्या माणसाच्या पाया न पडताच जातोय. आमच्या आईला कळलं तर जेवायला वाढायची नाही. फोन जरा खाली ठेवायला सांगा, नमस्कार करतो."

अक्का गडबडल्या. निघत्या पाहुण्याला नमस्कार करू न देणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच. मी फोन उचलून त्यांच्या पायांपाशी धरला. "मोज्यांवरून नका घेऊ नमस्कार," फोनमधून आवाज आला. अक्कांनी उजवा मोजा काढला. "एका पायावर नमस्कार होतो का, अक्का?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी डावा मोजा ओढला. तो चिकटला होता. सुटला तेव्हा दोन बोटं काळी दिसली आणि लाली घोट्याच्या वर सरकलेली. पडद्यावर डॉक्टर हात जोडून वाकले होते, पण डोळे टक्क उघडे होते.

सवयीनं अक्कांच्या तोंडून गेलं, "औक्षवंत व्हा."

"तुम्ही पण व्हा. आजच निघा, आत्ता."

"कापणार?"

"बोटं बहुतेक जातील. आज गेलात तर पाय वाचेल असं मला वाटतं. उद्याचं मी बोलत नाही."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. निवत चाललेल्या कपाकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "गाडी सांग." बार्शीपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्या पकडीची आठवण झाली की अजूनही मला बरं वाटत नाही.

दोन बोटं गेली, पाय राहिला. नंतर तर त्यांनी कहरच केला. फोन लागला रे लागला की मोजे काढून पाय पुढं. "आदी नमस्कार उरका, मग च्या." वस्तीवरच्या साखर असलेल्या आणखी बायका फोनच्या दिवशी ओसरीवर पाय पसरून ओळीनं बसायच्या, आणि डॉक्टर प्रत्येकीला नमस्कार करत पुढं सरकायचे. आपलं दुखणं मात्र अक्का शेवटपर्यंत चहा झाल्यावरच सांगायच्या.

पुढं एका पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. सकाळी वस्तीवर पोचल्यावर मी डॉक्टरांना फोन लावला, ओसरीवरूनच. त्यांनी चेहरा बघायला मागितला नाही.

"पायाशी धरता का?" म्हणाले.

मी धरला. ते वाकले. या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते.